इस्तंबूलमध्ये चार दिवस, सोबत आई आणि शाकाहार: आखणी तपासून द्याल का?

शेवंती:
ऑक्टोबरच्या मध्यावर आई आणि मी इस्तंबूलला जातोय. मुंबईहून थेट विमान आहे. मंगळवारी सकाळी ११ च्या सुमाराला नव्या विमानतळावर उतरू आणि शनिवारी सकाळी परत निघू. दोघींचे व्हिसा हातात आहेत. आई ६६ वर्षांची आहे. सपाटीवर भरपूर चालते, पण गुडघ्यामुळे जिने आणि उतार तिला जड जातात. दोघी शाकाहारी; मी अंडं खाते, आई खात नाही.

आत्ताची आखणी अशी:
मंगळवार दुपार – तोपकापी राजवाडा.
बुधवार – अया सोफिया, निळी मशीद, भूमिगत जलाशय, ग्रँड बझार.
गुरुवार – गलाता मनोरा, इस्तिकलाल रस्ता, दोल्माबाहचे राजवाडा.
शुक्रवार – सकाळी सुलेमानिये मशीद, दुपारी बोस्फरस सामुद्रधुनीची सफर.

हॉटेल गलाता मनोऱ्याजवळ घ्यावं की सुलतानअहमेत भागात, हे ठरत नाहीये. विमानतळावरून कसं यायचं, रोजच्या फिरण्यासाठी कोणतं कार्ड घ्यायचं, आणि आईच्या जेवणाचं काय, हेही सांगा. आखणीत काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

कंदील:
स्पष्टच सांगतो. तोपकापी मंगळवारी बंद असतो आणि सुलेमानिये शुक्रवारी सकाळी बघायची जागा नव्हे. म्हणजे चारपैकी दोन दिवस बदलावे लागतील.

इस्तंबूलची आखणी करताना आधी वार बघायचा. तोपकापी मंगळवारी बंद, दोल्माबाहचे सोमवारी बंद, ग्रँड बझार (तिथे त्याला कापालीचार्शी म्हणतात) रविवारी बंद. शुक्रवारी दुपारच्या सामुदायिक नमाजामुळे मोठ्या मशिदी पर्यटकांसाठी सकाळपासूनच बंद असतात आणि दुपारी अडीचच्या सुमाराला उघडतात. इतर दिवशीही नमाजाच्या वेळी मशिदीतून बाहेर थांबावं लागतं. ऑक्टोबरच्या मध्यावर दुपारची नमाज १ च्या आसपास, नंतरची ४ च्या आसपास आणि सूर्यास्त साडेसहाच्या आत असतो. त्यामुळे मशिदींसाठी सकाळी ९ ते १२ हीच खरी मोकळी वेळ.

बुधवारी सकाळी ९ ला अया सोफियाच्या रांगेत उभ्या राहा. इमारत मूळची चर्च, ५३२ ते ५३७ या पाच वर्षांत बांधली गेली. पहिला घुमट फार चपटा होता, तो भूकंपांनी खिळखिळा होऊन ५५८ मध्ये कोसळला. आज दिसतो तो त्यानंतर अधिक उंच करून बांधलेला, आणि पुढे काही भाग पुन्हा दुरुस्त केलेला. पुढे मशीद, मग संग्रहालय, आणि २०२० च्या जुलैत तिथे पुन्हा मशीद झाली. १५ जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना २५ युरोंचं तिकीट आहे आणि प्रवेश फक्त वरच्या सज्जात. खालचा मजला नमाजासाठी. जुन्या प्रवासवर्णनांत घुमटाखाली मधोमध उभं राहून वर बघायचं वर्णन असतं, ते आता पर्यटकाला शक्य नाही. हे आधीच माहीत असलं म्हणजे हिरमोड होत नाही. घुमटाच्या दुरुस्तीचं मोठं काम २०२५ मध्ये सुरू झालंय, तेव्हा परांचीही गृहीत धरा.

सज्जात जायला पायऱ्या नाहीत, वळत जाणारी दगडी चढण आहे. दगड झिजून गुळगुळीत झालेत. आईंना चढताना त्रास होणार नाही. उतरताना भिंतीच्या बाजूने, सावकाश. पायात रबरी तळाचे बूट हवेत, चपला नकोत. वर गेल्यावर येशू, मेरी आणि योहान यांचं तुकडेकामातलं (मोझाइक) चित्र जरूर शोधा. चेहऱ्यांवरचा उजेड शेजारच्या खऱ्या खिडकीतून आल्यासारखा रंगवलाय. सकाळच्या प्रकाशात त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबा.

समोरच निळी मशीद. प्रवेश फुकट. डोकं, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. घरूनच एक मोठी सुती ओढणी पर्समध्ये ठेवा म्हणजे दारात विकत घ्यायला लागणार नाही. बुटांसाठी कापडी पिशवी ठेवा.

भूमिगत जलाशय, येरेबातान, सहाव्या शतकातला. ३३६ खांब आणि तळाशी मेडुसा या ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी राक्षसिणीची दोन दगडी मुंडकी, एक उलटं आणि एक आडवं ठेवलेलं. पण उतरायला पन्नासेक पायऱ्या आहेत आणि आतली वाट ओलसर असते. आईंनी वर चौकातल्या बाकावर बसणं हा वाईट पर्याय नाही. समोर इजिप्तहून आणलेला, फेरो थुतमोस तिसऱ्याच्या काळातला ओबेलिस्क (उंच, टोकदार दगडी स्तंभ) आहे आणि ग्रीसमधल्या डेल्फीहून आणलेला सापांचा स्तंभ. दोन्ही निळ्या मशिदीपेक्षा कितीतरी जुने, तरी बहुतेक लोक त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढतात.

बुधवारी इतकंच पुरे. ग्रँड बझार त्यात कोंबू नका.

गुरुवारी सकाळी उघडताच तोपकापी. आत गेल्यावर आधी हरेम (जनानखाना), मग रत्नांची दालनं, शेवटी चौथं अंगण. बहुतेक जण उलट जातात, म्हणून ११ नंतर हरेमच्या दाराशी गर्दी तुंबते. तीन ते चार तास लागतात. तिथून खाली गुल्हाने बागेत उतरा, सावली आहे, बाकं आहेत.

शुक्रवारी सकाळी दोल्माबाहचे. ट्रामने काबाताशपर्यंत जा, पुढे दहा मिनिटं सपाट रस्ता आहे. आत फोटो काढायची परवानगी नाही. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी याच राजवाड्यात वारले. ती खोली बघायला मिळते. अडीचनंतर सुलेमानिये: उस्मानी वास्तुकार मिमार सिनानचं काम, १५५७ मध्ये पूर्ण झालेलं. तिच्या मागच्या अंगणातून गोल्डन हॉर्नची खाडी आणि गलाता मनोरा एका नजरेत दिसतो. त्यासाठी मनोऱ्याचं महागडं तिकीट काढायची गरज नाही.

पासबद्दल: इथली सगळी स्थळं एकाच खात्याची नाहीत. तोपकापी आणि दोल्माबाहचे राष्ट्रीय राजवाड्यांच्या खात्याकडे, येरेबातान महानगरपालिकेकडे, पुराणवस्तू संग्रहालय सांस्कृतिक मंत्रालयाकडे. त्यामुळे ‘म्युझियम पास’ घेतला की सगळं आलं, असं होत नाही. तुमची स्थळं यादीत आहेत का हे बघून मगच पैसे भरा.

गलबत:
वाहतुकीचं मी लिहितो.

हॉटेल: तुमच्या बाबतीत सुलतानअहमेत किंवा सिर्केजी. गलाता मनोऱ्याभोवतीच्या गल्ल्या अतिशय उतरत्या आहेत, पावसात दगड निसरडे होतात आणि रोज रात्री परतताना ती चढण चढावी लागेल. सुलतानअहमेतमध्येही एक गोम आहे. ट्रामच्या रस्त्यालगतचा भाग बराचसा सपाट आहे, पण समुद्राच्या बाजूला जांकुर्तारानकडे उतार सुरू होतो. ‘ट्रामपासून ५ मिनिटं’ असं लिहिलेलं हॉटेल त्या उतारावर असेल तर येताना ती पाच मिनिटं चढाची. गुल्हाने किंवा सिर्केजी थांब्याजवळचं हॉटेल घ्या. बुकिंग भारतातूनच पूर्ण करा. परदेशी बुकिंग संकेतस्थळांपैकी सगळ्यात मोठ्यावर तुर्कस्तानात बसून तिथलीच हॉटेलं शोधता येत नाहीत. ही बंदी २०१७ पासून आहे.

विमानतळ ते शहर: अंतर साधारण ४५ किलोमीटर. तीन मार्ग. एम ११ मेट्रो गायरेत्तेपेपर्यंत येते. तिथे एम २ साठी लांबलचक भुयारी वाट चालावी लागते, मग पुन्हा ट्राम. स्वस्त आणि वेळेची खात्री असलेला मार्ग, पण दोन मोठ्या बॅगा आणि आई सोबत असताना नको. हावाइस्त बस ताक्सीम किंवा अक्सारायला सोडते, बॅगा खालच्या कप्प्यात जातात; वाहतूक तुंबली तर दीड तास लागतो. तिसरा, हॉटेलकडून आधी ठरवलेली गाडी, ठरलेल्या रकमेत. पहिल्या दिवशी हीच घ्या.

टॅक्सी घेतलीच तर मीटर सुरू झालेला डोळ्यांनी बघा. ‘ठरवून घेऊ’ म्हटलं की उतरा. थोड्या अंतरालाही किमान भाडं लागतं, आणि पुलावरून पलीकडे गेलात तर टोल वेगळा. पैसे देताना नोट किती लिरांची आहे हे मोठ्याने बोलून द्या, कारण मोठी नोट हातचलाखीने छोटी करून ‘एवढेच दिले’ म्हणायचा प्रकार तिथे जुना आहे.

कार्ड: इस्तंबूलकार्ट. मेट्रो, ट्राम, बस, बोट, फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे), सगळ्याला चालतं. दोघींत एक पुरेल, फाटकावर दोनदा टेकवायचं. मात्र गाडी बदलल्यावर मिळणारी सवलत पहिल्या प्रवाशालाच लागू होते, दुसऱ्याला पूर्ण भाडं पडतं. चार दिवसांसाठी दोन वेगळी कार्डं घेणंही परवडतं. यंत्र सुटे पैसे परत देत नाही; जेवढी नोट घालाल तेवढी कार्डात जमा. म्हणून छोट्या नोटा जवळ ठेवा.

मार्मराय, म्हणजे बोस्फरसच्या तळाखालून जाणारी गाडी, अंतरावर पैसे घेते. आत जाताना सर्वांत लांबच्या प्रवासाचं भाडं कापलं जातं. उतरल्यावर बाहेर ‘इआदे’ लिहिलेल्या यंत्रावर कार्ड टेकवलं की उरलेले पैसे परत. हे न करता निघून जाणारे पर्यटक रोज शेकड्यांनी दिसतात. सिर्केजीचं मार्मराय स्थानक फार खोल आहे. आईंसाठी लिफ्टची खूण शोधा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चढ यंत्राने चढायचा, उतरायचं पायी. तुमच्या आईंना उतारही जड जातो, म्हणून ‘उतरायचं सावकाश’ असं म्हणतो. काराकॉयहून वर जायला तुनेल आहे, १८७५ चं, लंडननंतरची जगातली दुसरी भुयारी शहरी रेल्वे. काबाताशहून ताक्सीमला फ्युनिक्युलर आहे. इस्तिकलाल रस्ता स्वतः जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे ताक्सीम ते तुनेल चाला आणि तुनेलनेच खाली या. मनोऱ्याची गल्ली चुकली तरी चालेल.

बाजारासाठीही तेच. बेयाझित थांब्यावर उतरा, कापालीचार्शीत शिरा, मागच्या बाजूने महमूतपाशाच्या गल्लीने मसाल्यांच्या बाजारात पोचा. सगळा रस्ता उताराचा, पण मंद. खालून वर गेलात तर त्याच वाटेवर दमछाक होते. महमूतपाशात स्थानिक लोक कपडे, टॉवेल, लग्नाची खरेदी करतात, भाव बझारपेक्षा उतरलेले असतात.

मंगळवारी काय करायचं? काहीही बघायला जाऊ नका. सामान टाका, चार वाजता एमिनोन्यूच्या धक्क्यावर जाऊन पलीकडच्या आशियाई काठावरच्या कादकॉयची सरकारी बोट पकडा. ‘शेहिर हातलारी’ ही पाटी बघायची. धक्क्याबाहेर ‘बोस्फरस, बोस्फरस’ ओरडणारे खासगी वेगळे. वीस मिनिटांचा प्रवास, बसच्या तिकिटाएवढे पैसे. जाताना उजव्या बाजूला बसा: तोपकापी, अया सोफिया, निळी मशीद एकामागून एक पाण्यावरून सरकत जातात. या शहराची पहिली ओळख अशीच व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण पाण्यावरून बघितलं की कोणती टेकडी कुठे, खाडी कुठे, समुद्र कुठे, हे एकदाच डोक्यात बसतं आणि पुढचे तीन दिवस नकाशा कमी लागतो.

शेवंती:
किती नेमकं लिहिलंत, दोघांनीही! मंगळवारचं तोपकापी रद्द. गुल्हानेजवळ हॉटेल बघते. दोन शंका. पैसे कसे न्यायचे? आणि जेवणाचं अजून कुणी सांगितलं नाही. आई म्हणते डब्यात ठेपले आणि मेतकूट नेऊ.

खलबत्ता:
मेतकूट न्या, पण त्याची गरज विमानातच जास्त पडेल. तुर्की स्वयंपाकात शाकाहार भरपूर आहे, फक्त तो ‘शाकाहारी’ या नावाने ओळखला जात नाही. आणि इथे एक फसगत होते. तुर्कीत ‘एत’ म्हणजे मांस, पण बोलण्यात त्याचा अर्थ बहुधा लाल मांस. ‘एत येमियोरुम’, मी मांस खात नाही, एवढंच म्हटलं तर प्रेमाने कोंबडीचं ताट समोर येऊ शकतं. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: ‘एत, तावूक, बालिक येमियोरुम’. मांस, कोंबडी, मासे खात नाही. आईंसाठी पुढे ‘युमुर्ता दा’ जोडा, अंडंसुद्धा.

खात्रीचे पदार्थ: ‘झेतिनयाअ्ली’ नावाखाली येणारं सगळं. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या: फरसबी, आर्टिचोक, भरलं वांगं. द्राक्षाच्या पानात भात भरलेलं सारमा याच प्रकारातलं घ्या. ‘एतली’ म्हटलं की त्यात खिमा असतो. गोझलेमे ही तव्यावरची पातळ पोळी, बटाटा, पालक किंवा चीज भरलेली; खाताना आईंना अनोळखी वाटणार नाही. चीयकोफ्ते मूळ कच्च्या मांसाचा, पण दुकानांत आता मिळतो तो दलिया, मिरची आणि मसाल्यांचा, मांसाविना. लेट्यूसच्या पानात लिंबू पिळून खातात. कुंपीर म्हणजे भाजलेला मोठा बटाटा, लोणी आणि चीज घोटून, वर आपल्या पसंतीचं सारण. सॉसेज असतं, ते वगळायला सांगा. सिमित, म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, तर प्रत्येक कोपऱ्यावर.

विचारून घ्यायचे पदार्थ: मेर्जिमेक चोर्बासी हे मसुरीचं सूप सगळीकडे मिळतं आणि आपल्या जिभेला लगेच रुचतं, पण काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात करतात. ‘एत सुयू वार म?’, मांसाचं पाणी आहे का, असं विचारा. पांढरा भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. घेवड्याच्या उसळीत मांसाचे तुकडे असू शकतात. मेनेमेन टोमॅटोचं, पण अंड्याचं, तेव्हा ते तुमच्यासाठी.

गोडातला एक धोका कुणी सांगत नाही: ‘तावूक गोअ्सू’ ही दिसायला साधी दुधाची खीर, तिच्यात कोंबडीच्या छातीच्या मांसाचे बारीक तंतू घोटलेले असतात. चवीला अजिबात कळत नाही. ‘काझानदिबी’ ही तळाशी करपवलेली खीरही कधी त्याचीच करतात. आईंना ‘सुतलाच’ द्या, तांदळाची भाजलेली खीर. कुनेफे बिनधास्त. बाकलाव्याच्या पिठात बऱ्याचदा अंडं असतं, तेव्हा आईंसाठी तो विचारून घ्या.

जेवायला ‘एस्नाफ लोकान्तासी’ शोधा, म्हणजे दुकानदार-कामगारांची खानावळ. पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून मागायचे. दुपारी १२ ते २ मध्ये जा, नंतर भाज्या संपतात. पाटीवर भाव नसलेल्या आणि दारातून हाका मारणाऱ्या ठिकाणी बसू नका.

चहा दुधाविना, ट्युलिपच्या आकाराच्या छोट्या पेल्यात. कडक वाटला तर ‘आचिक चाय’ म्हणा, फिका मिळतो. आयरान म्हणजे खारं ताक, त्यात जिरं शोधू नका. नळाचं पाणी पिऊ नका.

मसाल्यांच्या बाजारात ‘तुर्की केशर’ स्वस्तात मिळतं. ती करडईची फुलं असतात. खरं केशर वजनावर आणि महागच असतं. घ्यायचंच असेल तर सुमाक हा आंबट मसाला, सुका पुदिना आणि उर्फाची काळपट मिरची घ्या.

पैसे: रुपये तिथे कुणी बदलून देत नाही. युरो किंवा डॉलर न्या, विमानतळावर गरजेपुरते बदला, बाकीचे बझाराजवळच्या ‘दोविझ’ पाटीच्या दुकानात. एटीएमने रुपयांत हिशेब करून देऊ का असं विचारलं तर नकार द्या, व्यवहार लिरांतच होऊ द्या. नाहीतर त्या यंत्राच्या दराने तुम्हाला चाट बसते. लिरा झपाट्याने घसरतो, म्हणून सगळे पैसे पहिल्याच दिवशी बदलू नका. मोबाइलसाठी ई-सिम घ्यायचं असेल तर भारतातच घालून घ्या. २०२५ पासून अनेक परदेशी ई-सिम संकेतस्थळं तुर्कस्तानातून उघडत नाहीत. चार्जर दोन गोल पिनांचा हवा, आपला तीन पिनांचा बसत नाही.

अवग्रह:
पाट्या वाचायला अर्धा तास दिलात तर फार सोपं जाईल. तुर्की लिपी रोमन आहे पण उच्चार ठाम आहेत. साध्या ‘सी’चा उच्चार ‘ज’. म्हणून मशिदीच्या पाटीवरचा शब्द ‘जामी’, ‘कामी’ नव्हे. खाली शेपटी असलेला ‘सी’ म्हणजे ‘च’, शेपटी असलेला ‘एस’ म्हणजे ‘श’. वर टोपी असलेला ‘जी’ उच्चारतच नाहीत, आधीचा स्वर लांबवतात. बिनटिंबाचा ‘आय’ हा अ आणि इ यांच्या मधला.

प्रवेशद्वारावर ‘गिरिश’ लिहिलेलं असतं, हे मराठी माणूस विसरणार नाही. बाहेर जायचं दार ‘चिकिश’. थांबा ‘दुराक’, धक्का ‘इस्केले’, उघडं ‘आचिक’, बंद ‘कापाली’.

अरबी-फारसीतून दोन्हीकडे आलेले शब्द कामी येतात. बिल मागायला ‘हेसाप, लुत्फेन’ म्हणा. हेसाप म्हणजे आपला हिशेब. दुक्यान, साबुन, हावा, मेयदान, जेवाप हे सांगायला नकोतच. ‘पेयनिर’ मात्र फसवा: शब्द पनीरचाच, पण वस्तू खारवलेलं चीज.

मान हलवण्याची भाषा वेगळी. भुवया किंवा हनुवटी वर उचलून ‘च्’ असा आवाज केला की त्याचा अर्थ ‘नाही’. आपल्याला ते ‘काय म्हणालात?’ असं वाटतं आणि आपण पुन्हा तेच विचारत राहतो. डावीकडे-उजवीकडे डुलणारी आपली होकारार्थी मान त्यांना कळत नाही, तेव्हा तोंडाने ‘एवेत’ म्हणा.

आणि रस्त्यात बूटपॉलिशवाल्याचा ब्रश तुमच्यासमोर पडला, तर हाक मारून सांगा, उचलून देऊ नका. आभार म्हणून पॉलिश सुरू होतं आणि शेवटी पैसे मागितले जातात.

शेवंती:
आईला ‘गिरिश’ वाचून दाखवलं, तिचा तो शब्द लगेच पाठ झाला. शेवटचं एकच: शुक्रवारी दुपारी सुलेमानिये आणि बाजार झाला, तर बोस्फरसची सफर कधी? मोठी करावी का?

गलबत:
मोठी नको. ती सकाळी एमिनोन्यूहून निघून काळ्या समुद्राच्या तोंडाशी आनादोलू कावाअपर्यंत जाते, तिथे काही तास थांबते, पूर्ण दिवस खाते. त्या गावात बघण्यासारखा किल्ला आहे तो नेमका चढावर. तुमच्यासाठी शेहिर हातलारीचीच दोन तासांची छोटी फेरी योग्य, गुरुवारी तोपकापीनंतर. वेळापत्रक ऋतूनुसार बदलतं, ते आदल्या दिवशी धक्क्यावर बघा.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता एमिनोन्यूहून उस्कुदारची बोट घ्या. उतरून उजवीकडे, पाण्याच्या कडेने सपाट रस्ता सालाजाकला जातो, समोर पाण्यात ‘मुलीचा मनोरा’ नावाचा जुना मनोरा. पलीकडच्या काठावर मशिदींमागे सूर्य मावळतो. बसायला जागा आहे, चहा मिळतो. अंधार पडला की गार वारा सुटतो, आईंची शाल बॅगेत ठेवा.

दक्षिणेकडून ‘लोदोस’ नावाचा वारा जोरात सुटला तर बोटी रद्द होतात. तसं झालं तर उस्कुदारहून मार्मराय आहे, एका थांब्यात सिर्केजी. आणि तिथे उतरल्यावर इआदेचं यंत्र.